रकान्यांतून नकाशाकडे
आयर्लंडमधली ठिकाणे लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमधून नकाशावर कशी मांडावीत

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींच्या संगणकावर एखादी तरी पत्त्यांची यादी असतेच. मंडळाचे सभासद, मराठी शाळेची मुले, ढोलपथकाच्या सरावाला येणारे लोक, दिवाळीचा फराळ पोहोचवायची घरे. यादी वाढली की कोणीतरी विचारते, “हे सगळे नकाशावर दिसेल का?” मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये नकाशा-चार्टची तयार सोय आहे. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये किंवा अपाची ओपनऑफिसमध्ये तसा चार्टचा प्रकार नाही. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे इथेच थांबतात, नाहीतर सगळी यादी एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर चढवून मोकळे होतात.

दोन्हींची गरज नाही. कॅल्कमध्ये नकाशाचे बटण नसले तरी नकाशासाठी लागणारे जवळजवळ सगळे काम कॅल्कमध्येच होते. ठिपके दाखवणे हा शेवटचा आणि सोपा भाग. खरी मेहनत रकान्यांत असते, आणि ती नीट झाली की तीच फाइल चार वेगवेगळ्या प्रकारे नकाशावर नेता येते. हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. एक सूचना आधीच देतो: इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, पण तुमच्या फाइलमध्ये ते इंग्रजी अंकांतच भरा.

नकाशा कशासाठी हवा?

हा प्रश्न आधी विचारला तर बराच वेळ वाचतो. एकेक ठिकाण कुठे आहे एवढेच पाहायचे असेल तर प्रत्येक ओळीत नकाशाचा दुवा पुरतो. अहवालात किंवा स्मरणिकेत छापायला चित्र हवे असेल तर कॅल्कचा साधा चार्ट चालतो. लोकांनी मोबाइलवर उघडून, मोठा-छोटा करून पाहावा असे वाटत असेल तर यूमॅप हे संकेतस्थळ. काउंटीनुसार रंगवलेला नकाशा हवा असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचे मुक्त सॉफ्टवेअर. चारही मार्ग विनामूल्य आहेत.

लिब्रेऑफिस आणि ओपनऑफिससाठी नकाशाची काही एक्स्टेन्शन्सही निघाली होती. हंगेरीच्या मल्टिरॅसिओ कंपनीचे ‘युरोऑफिस मॅप चार्ट’ हे त्यांतले एक. एक्स्टेन्शन घेण्याआधी दोन गोष्टी पाहा: ते शेवटचे कधी सुधारले गेले, आणि तुमच्या आवृत्तीसाठी ते चालते असे त्याच्या पानावर लिहिले आहे का. जुन्या एक्स्टेन्शनवर वर्षभराचे काम उभे करू नका. पुढचे चारही मार्ग एक्स्टेन्शनशिवाय चालतात.

स्थानाचे दोन रकाने

नकाशाला पत्ता कळत नाही, अक्षांश आणि रेखांश कळतात. म्हणून नाव, पत्ता, फोन यांच्या शेजारी दोन स्वतंत्र रकाने करा. दोन्ही आकडे स्वल्पविराम देऊन एकाच सेलमध्ये कोंबू नका.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची इथे हमखास होणारी चूक म्हणजे उणे चिन्ह विसरणे. पुणे १८.५२ अक्षांश आणि ७३.८६ रेखांशावर, दोन्ही आकडे धन. आयर्लंड ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्याने इथला प्रत्येक रेखांश उणे असतो. डब्लिन ५३.३५ आणि उणे ६.२६. उणे राहून गेले की डब्लिन नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रोनिंगेन प्रांतात जाते, आणि गॉलवे जर्मनीत ब्रेमेन आणि हॅम्बुर्गच्या दरम्यान. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर डब्लिन हिंदी महासागरात सेशेल्सच्या बेटांजवळ दिसते. नकाशावर ठिपका समुद्रात पडला की चूक निदान लक्षात तरी येते. पण ती रकान्यातच पकडणे बरे.

त्यासाठी कॅल्कच्या ‘डेटा’ मेनूमधली ‘व्हॅलिडिटी’ वापरा. अक्षांशाच्या रकान्याला ५१.३ ते ५५.५ ही मर्यादा घाला आणि रेखांशाच्या रकान्याला उणे १०.८ ते उणे ५.३. उत्तर आयर्लंड धरून अख्खे बेट या चौकटीत बसते. उणे विसरले किंवा आकडे उलटे टाकले, तर कॅल्क तिथल्या तिथे हटकते. पण ही तपासणी हाताने टाइप करताना होते. दुसरीकडून आणून चिकटवलेले आकडे तिच्यातून निसटू शकतात. तसे केले असेल तर दोन्ही रकान्यांचे किमान आणि कमाल मूल्य ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ने एकदा पाहून घ्या.

दुसरी अडचण म्हणजे आकड्यासारखा दिसणारा मजकूर. संकेतस्थळावरून उचललेल्या रेखांशात उणे चिन्हाच्या जागी कधी कधी लांब रेघ असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण कॅल्क त्याला मजकूर समजते आणि चार्टमध्ये तो बिंदू चुकीच्या जागी जातो किंवा गायबच होतो. कंट्रोल आणि एफ ८ दाबा: आकडे निळे, सूत्रे हिरवी आणि मजकूर काळा दिसू लागतो. रेखांशाच्या रकान्यात काळी ओळ दिसली की ती लांब रेघ ‘फाइंड अँड रिप्लेस’ने बदलून घ्या.

जुन्या नोंदींत अंश, मिनिटे, सेकंद असतात. त्यांचे दशांश करायला अंशांत मिनिटे भागिले ६० आणि सेकंद भागिले ३६०० मिळवा. आधी बेरीज पूर्ण करा आणि मग सगळ्याला उणे लावा. नुसत्या अंशांना उणे लावून मिनिटे मिळवली तर ठिकाण पूर्वेला सरकते.

किती दशांश हवेत? अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर. म्हणजे दोन दशांशांवर अचूकता साधारण एक किलोमीटरची, चारांवर दहा-अकरा मीटरची. गाव दाखवायला दोन-तीन दशांश भरपूर झाले.

सरकारी आकडे वेगळे का दिसतात?

आयर्लंडच्या खुल्या डेटाच्या सरकारी संकेतस्थळावरून एखादी यादी उतरवली की स्थानाच्या रकान्यात कधी कधी सहा अंकी संख्या दिसतात. ते अक्षांश-रेखांश नसून मीटरमधली जाळी असते, आणि अशा दोन जाळ्या चलनात आहेत. जुनी ‘आयरिश ग्रिड’ आणि २००१ पासूनची ‘आयरिश ट्रान्सव्हर्स मर्केटर’, म्हणजे आयटीएम. मध्य डब्लिन जुन्या ग्रिडमध्ये पूर्वेकडे सुमारे ३ लाख १५ हजार आणि उत्तरेकडे २ लाख ३४ हजार येते. आयटीएममध्ये तेच ७ लाख १५ हजार आणि ७ लाख ३४ हजार. नव्या जाळीचा आरंभबिंदू मुद्दाम असा ठेवला की दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

ओळखण्यापुरते हे पुरते. रूपांतराचे सूत्र कॅल्कमध्ये लिहीत बसू नका, ते लांबलचक आहे. क्यूजीआयएसमध्ये फाइल उघडताना आयटीएमसाठी संकेतांक २१५७ निवडा, मग तो स्तर ४३२६ या संकेतांकात, म्हणजे नेहमीच्या अक्षांश-रेखांशांत पुन्हा साठवा. तयार झालेले आकडे कॅल्कमध्ये परत आणता येतात.

पत्त्यावरून जागा काढताना

भारतातल्या पिन कोडचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. पिन कोड अख्ख्या परिसराचा असतो. जुलै २०१५ मध्ये सुरू झालेला एअरकोड प्रत्येक घराचा वेगळा आहे. सात अक्षरांपैकी पहिली तीन विभागाची, म्हणजे ‘राउटिंग की’. उरलेली चार त्या एका पत्त्याची. शेजारच्या दोन घरांच्या शेवटच्या चार अक्षरांत क्रम नसतो, त्यामुळे एकावरून दुसरे ओळखता येत नाही. खेड्यांत घरांना क्रमांक नसतात आणि तिथल्या अनेक घरांचा पत्ता शब्दशः सारखाच असतो. म्हणून ग्रामीण भागात नाव आणि गाव लिहून नकाशाला विचारण्यापेक्षा एअरकोड असेल तर तोच आधार घ्या. एअरकोडचा संपूर्ण संच मात्र परवाना घेऊन मिळतो, आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या खुल्या नकाशात तो फक्त काही इमारतींपुरताच नोंदलेला आहे. उत्तर आयर्लंडमध्ये एअरकोड नाही. तिथे ‘बीटी’ने सुरू होणारे ब्रिटिश पोस्टकोड चालतात. यादीत बेलफास्टची मंडळी असतील तर हे लक्षात ठेवा.

गावाच्या नावावरून शोधत असाल तर काउंटी लिहिल्याशिवाय शोधू नका. ब्लॅकरॉक डब्लिनमध्ये आहे, कॉर्कमध्ये आहे आणि डंडॉकजवळही आहे. न्यूपोर्ट मेयोत आहे तसे टिपरेरीतही. आपल्याकडे वडगाव म्हटले की कोणते ते विचारावेच लागते, तसाच हा प्रकार. आयरिश आणि इंग्रजी अशी दोन्ही नावे पडताळायला ‘लॉगॅनिम’ हा स्थळनामांचा अधिकृत कोश आंतरजालावर विनामूल्य आहे.

नाव बरोबर असूनही जागा चुकू शकते. मेट एरन या आयर्लंडच्या हवामान खात्याचे व्हॅलेंशिया हे प्रसिद्ध केंद्र घ्या. व्हॅलेंशिया हे केरी काउंटीतले बेट, आणि वेधशाळा सुरुवातीला तिथेच होती. पण १८९२ मध्ये ती समोरच्या मुख्य भूमीवर काहरसिव्हीन गावाजवळ हलली. नाव तेवढे जुनेच राहिले. नुसत्या नावावरून जागा शोधली तर ठिपका बेटावर पडतो आणि नोंदी मात्र काहरसिव्हीनच्या असतात. म्हणून यादीत आणखी एक रकाना ठेवा: ही जागा कुठून घेतली आणि कोणी तपासली.

कॅल्कमध्ये ‘वेबसर्व्हिस’ नावाचे फंक्शन आहे. ते संकेतस्थळाला प्रश्न विचारून उत्तर सेलमध्ये आणते, त्यामुळे पत्ते देऊन अक्षांश-रेखांश खेचून घेण्याचा मोह होतो. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनाटिम ही शोधसेवा सगळ्यांसाठी खुली आहे, पण तिचा नियम सेकंदाला जास्तीत जास्त एक विनंती असा आहे. दोनशे ओळींवर सूत्र ओढले की कॅल्क धडाधड विचारू लागते, फाइल पुन्हा हिशेबात आली की पुन्हा विचारते, आणि सेवा तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता अडवू शकते. शंभर-दीडशे ठिकाणांची यादी चार जणांनी वाटून हाताने भरली तर एका संध्याकाळचे काम आहे, आणि प्रत्येक जागा डोळ्यांखालून जाते हा वर फायदा.

पहिला मार्ग: प्रत्येक ओळीला दुवा

ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर कोणतेही ठिकाण उघडा, उजवीकडचे ‘शेअर’ बटण दाबा आणि खूण दाखवण्याचा पर्याय निवडा. तयार झालेल्या दुव्यात अक्षांश आणि रेखांश स्पष्ट दिसतात. तो दुवा कॅल्कच्या ‘हायपरलिंक’ फंक्शनमध्ये अवतरणचिन्हांत चिकटवा. आता जिथे जिथे अक्षांशाचा आकडा आहे तिथे अवतरण बंद करून, ‘अँड’चे चिन्ह घालून त्या ओळीतल्या अक्षांशाच्या सेलचा पत्ता लिहा आणि पुन्हा अवतरण उघडा. रेखांशाचेही तसेच. फंक्शनच्या दुसऱ्या भागात ‘नकाशा’ असा शब्द लिहा. सूत्र एकदा जमले की खालपर्यंत ओढा.

कंट्रोल धरून क्लिक केले की त्या ओळीचे ठिकाण ब्राउझरमध्ये उघडते. दिसायला हे साधे आहे, पण यादी तपासण्यासाठी यापेक्षा सोयीचे साधन नाही. पुढचे मार्ग धरण्याआधी हा रकाना करून सगळी यादी एकदा चाळून घ्या.

दुसरा मार्ग: कॅल्कमधलाच नकाशा

छापील चित्रासाठी कॅल्कचा ‘एक्सवाय स्कॅटर’ चार्ट वापरायचा. रेखांश आडव्या अक्षावर, अक्षांश उभ्या अक्षावर आणि मागे आयर्लंडचा कोरा नकाशा. यात सगळी गोम पाठीमागच्या चित्राच्या कडांत आहे.

विकिमीडिया कॉमन्सवर ‘लोकेशन मॅप’ या प्रकारातले कोरे नकाशे मिळतात. त्यांच्या वर्णनात उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चारही कडांचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. आयर्लंड बेटाचा असा नकाशा उतरवून घ्या आणि पुढील क्रमाने जा.

१. रेखांश आणि अक्षांश हे दोन रकाने याच क्रमाने निवडा आणि ‘इन्सर्ट’मधून चार्ट घ्या. प्रकार ‘एक्सवाय स्कॅटर’, त्यात ‘फक्त बिंदू’.

२. आडव्या अक्षाच्या मांडणीत ‘ऑटोमॅटिक’च्या खुणा काढून किमान आणि कमाल मूल्ये नकाशाच्या पश्चिम आणि पूर्व कडांची भरा. उभ्या अक्षाला दक्षिण आणि उत्तर कडांची.

३. चार्टच्या मागच्या भिंतीवर उजवे क्लिक करून ‘फॉरमॅट वॉल’ उघडा, ‘एरिया’मध्ये चित्र निवडून उतरवलेला नकाशा द्या आणि तो पूर्ण ताणून बसवा.

४. भिंतीची रुंदी आणि उंची मूळ चित्राच्या प्रमाणात ठेवा. प्रमाण मनाने ठरवू नका. आयर्लंडच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ६६ किलोमीटर भरतो, अक्षांशाचा १११. म्हणून उणे ११ ते उणे ५ रेखांश आणि ५१ ते ५६ अक्षांश अशी चौकट असेल तर १५ सेंटिमीटर उंचीला रुंदी १०.७ सेंटिमीटर लागते. चौकोनी चौकटीत देश आडवा फुगतो.

५. जाळीच्या रेषा आणि अक्षांवरचे आकडे लपवा.

मग दोन-तीन ओळखीच्या जागा टाकून पाहा. मॅलिन हेड उत्तरेच्या टोकाला बसायला हवे आणि डब्लिन पूर्वेच्या उपसागराच्या काठाला. दोन्ही बरोबर बसले तर बाकीचे बसतातच. ओपनस्ट्रीटमॅपचे चित्र मागे वापरले तर त्याची प्रक्षेपणाची पद्धत वेगळी असल्याने, कडा जुळवूनही देशाच्या मधल्या पट्ट्यातले ठिपके काही किलोमीटर सरकतात. छोट्या चित्रात ते दोन मिलिमीटरच दिसेल, पण लोकेशन मॅप असताना ते तरी कशाला? चित्र कोणतेही घ्या, त्याच्या परवान्याप्रमाणे श्रेय खाली छापा. ओपनस्ट्रीटमॅपचे असेल तर ‘ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते’ हा उल्लेख बंधनकारक आहे.

नावे दाखवायची असतील आणि ठिकाणे मोजकी असतील तर प्रत्येक ठिकाणाची वेगळी मालिका करा. लिब्रेऑफिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत डेटा लेबलमध्ये मालिकेचे नाव दाखवता येते.

तिसरा आकडाही दाखवायचा असेल तर ‘बबल’ चार्ट घ्या. सरावाला मेट एरनची केंद्रे चांगली. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश, तिसरा १९८१ ते २०१० या काळातला वर्षाचा सरासरी पाऊस मिलिमीटरमध्ये, पूर्णांकात:

व्हॅलेंशिया: ५१.९४, उणे १०.२४, १५५७
बेलमलेट: ५४.२३, उणे १०.०१, १२४५
कॉर्क विमानतळ: ५१.८५, उणे ८.४९, १२२८
शॅनन विमानतळ: ५२.६९, उणे ८.९२, ९७८
डब्लिन विमानतळ: ५३.४३, उणे ६.२४, ७५८

या पाच ओळींचा चार्ट काढला की अटलांटिकवरून येणारा पाऊस पूर्वेकडे कसा आटत जातो ते एका नजरेत दिसते. व्हॅलेंशियाला डब्लिनच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. नुसत्या यादीत पश्चिम आणि पूर्व शेजारी दिसत नाहीत, चार्टमध्ये दिसतात.

तिसरा मार्ग: यूमॅप

लोकांना दुवा पाठवून मोबाइलवर नकाशा दाखवायचा असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले यूमॅप वापरा. त्यासाठी कॅल्कमधून सीएसव्ही फाइल काढावी लागते. वरच्या ओळीतल्या शीर्षकांत अक्षांशाला ‘लॅट’, रेखांशाला ‘लॉन’ आणि नावाला ‘नेम’ असे इंग्रजी लिपीत लिहा. यूमॅप ती शीर्षके ओळखते.

‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘टेक्स्ट सीएसव्ही’ निवडा आणि फिल्टरच्या सेटिंग बदलण्याची खूण करा. अक्षरसंच ‘यूटीएफ ८’ ठेवा. तो चुकला तर देवनागरी नावांचा चुथडा होतोच, शिवाय डन लिअरीसारख्या आयरिश नावांतल्या स्वरांवरच्या तिरक्या रेघाही बिघडतात. त्याच खिडकीत ‘सेल जसा दिसतो तसा साठवा’ असा पर्याय असतो. रेखांश दोन दशांशांपर्यंतच दिसेल अशी मांडणी तुम्ही केली असेल तर या पर्यायामुळे फाइलमध्येही दोनच दशांश जातात आणि ठिपका पाव-अर्धा किलोमीटर सरकतो. म्हणून साठवण्याआधी रकान्यांची मांडणी चार-पाच दशांशांची करा. सीएसव्हीमध्ये फक्त समोर उघडी असलेली शीट जाते, आणि सूत्रे जात नाहीत. मूळ फाइल ओडीएस स्वरूपात वेगळी ठेवाच.

यूमॅपमध्ये नवा नकाशा उघडून ही फाइल आयात करा. दुवा पाठवण्याआधी नकाशा कोणाला दिसेल आणि कोणाला बदलता येईल हे परवानग्यांत पाहा. खाते न उघडता नकाशा केला तर बदलाचा गुप्त दुवा मिळतो. तो जपून ठेवा आणि पाहण्याच्या दुव्याबरोबर चुकूनही पाठवू नका.

चौथा मार्ग: काउंटी रंगवायच्या असतील तर

ठिपक्यांऐवजी क्षेत्रे रंगवायची असतील तर क्यूजीआयएस लागतेच. ते ओडीएस फाइल थेट उघडते. काउंटींच्या सीमा खुल्या परवान्याने मिळतात. आयर्लंडची अधिकृत नकाशासंस्था मार्च २०२३ पासून टॅल्टे एरन या संस्थेत सामील झाली आहे, तेव्हा जुन्या ‘ऑर्डनन्स सर्व्हे’च्या नावाने शोधताना गोंधळू नका. सीमा आणि तुमची यादी काउंटीच्या नावावरून जोडली जाते, आणि अडते ते तिथेच. प्रशासनाच्या दृष्टीने डब्लिन एक नाही, चार आहेत: डब्लिन शहर, फिंगल, साउथ डब्लिन आणि डन लिअरी-रॅथडाउन. कॉर्कचे शहर आणि काउंटी वेगळे. २०१४ मध्ये टिपरेरीचे उत्तर-दक्षिण भाग एक झाले, लिमरिक आणि वॉटरफर्डच्या शहर-काउंटी परिषदाही एक झाल्या, आणि स्थानिक परिषदा ३४ वरून ३१ वर आल्या. जुनी यादी नव्या सीमांना जोडाल तर नकाशात भोके पडतात. कॅल्कमध्येच ‘अधिकृत नाव’ असा रकाना करून नावे एकसारखी करा, मग जोडा.

रंगवताना एकूण संख्या रंगवू नका. एकूण संख्येचा नकाशा जवळजवळ नेहमी लोकसंख्येचाच नकाशा होतो आणि डब्लिन गडद दिसते, एवढेच कळते. दर हजारी प्रमाण काढून रंगवा.

पत्ते लोकांचे आहेत

एअरकोड एकाच घराकडे बोट दाखवतो, म्हणून नावाबरोबर लिहिलेला एअरकोड ही खासगी माहिती आहे. युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, २०१८ पासून लागू आहे आणि तो मंडळांच्या यादीलाही लागतो. सभासदांनी फोन आणि पत्ता वर्गणीच्या पावतीसाठी दिला असेल तर तो नकाशावर टाकण्यासाठी वेगळी विचारणा करा.

बहुतेक वेळा घर दाखवायची गरजच नसते. ‘लेफ्ट’ फंक्शनने एअरकोडची पहिली तीन अक्षरे वेगळी काढा. ‘पिव्हट टेबल’ने प्रत्येक विभागात किती कुटुंबे ते मोजा. मग विभागाच्या मुख्य गावाचे अक्षांश-रेखांश एकदाच भरा आणि त्यावर बुडबुडा दाखवा. सगळ्या देशात असे १३९ विभाग आहेत, तेव्हा हे काम आवाक्यातले आहे. एखाद्या ग्रामीण विभागात एक-दोनच मराठी कुटुंबे असतील तर तो आकडा वेगळा दाखवू नका, शेजारच्या विभागात मिळवा. एकट्या बुडबुड्याखाली कोण राहते हे गावात सगळ्यांना माहीत असते.

नकाशा पाहिल्यावर हिशेब करा

नकाशा डोळ्यांना पटतो, आणि तिथेच फसगत होऊ शकते. समजा डब्लिन परिसरात ४० कुटुंबे आहेत, कॉर्कला १० आणि गॉलवेला १०. गणपतीचा कार्यक्रम कुठे करावा? नकाशा पाहणारा म्हणेल, मधोमध. कॅल्कमध्ये ‘समप्रॉडक्ट’ने कुटुंबसंख्येनुसार सरासरी अक्षांश-रेखांश काढले तर ५३.१० आणि उणे ७.०९ येतात, म्हणजे किल्डेअर आणि लीशच्या सीमेवर, मॉनास्टरेव्हिन गावाच्या आसपास. उत्तर न्याय्य वाटते.

आता अंतराचा रकाना करा. आयर्लंडपुरते सोपे सूत्र पुरते: अक्षांशांचा फरक गुणिले १११.२, रेखांशांचा फरक गुणिले ६६.३, दोन्हींच्या वर्गांची बेरीज आणि तिचे वर्गमूळ. डब्लिन ते गॉलवे १८५ किलोमीटर येते, डब्लिन ते कॉर्क २१८. हे सरळ रेषेतले अंतर आहे, रस्त्याने जास्त भरते. कुटुंबसंख्येने गुणून बेरीज केली की कार्यक्रम डब्लिनला असेल तर सगळ्यांचा मिळून एका बाजूचा प्रवास सुमारे ४,००० किलोमीटर होतो. मॉनास्टरेव्हिनला केला तर ५,४००. मधोमधची जागा एकूण प्रवास वाढवते, पण कॉर्ककरांचे अंतर २१८ वरून १६१ वर आणते. यातले काय महत्त्वाचे मानायचे हे मंडळाने ठरवायचे आहे. नकाशाने ते ठरवलेले नसते. तो फक्त चर्चा सुरू करून देतो, आणि चर्चेला आकडे रकान्यांतूनच मिळतात.

फाइल पुढच्याच्या हाती देताना

कामाची सुरुवात म्हणून आज एवढेच करा: यादीला अक्षांश, रेखांश आणि स्रोत असे तीन रकाने जोडा, व्हॅलिडिटी लावा आणि पहिल्या वीस ओळी दुव्याच्या सूत्राने तपासा. नकाशाचा प्रकार नंतर ठरवता येतो, बदलताही येतो.

फाइलमध्ये ‘माहिती’ नावाची एक शीट मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. आकडे अक्षांश-रेखांशांत आहेत की आयटीएममध्ये, मागचा नकाशा कुठून घेतला आणि त्याचा परवाना कोणता, सभासदांची संमती कशासाठी घेतली आणि यादी शेवटची कधी तपासली, हे तिथे चार ओळींत लिहा. मंडळाची कार्यकारिणी बदलते, संगणक बदलतात, कॅल्कच्या आवृत्त्याही बदलतात. ही शीट असली तर पुढच्या चिटणीसाला यादी पहिल्यापासून उभी करावी लागत नाही.